पूर ओसरल्यावर घरात शिरण्याआधी

तुमचा सांगलीतला हा पहिलाच पूर, म्हणून सांगतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आता पाणी उतरतंय, तरी कोयना धरणातून विसर्ग सुरू आहे तोवर मुलांना नातेवाइकांकडेच राहू द्या.

पहिल्या दिवशी दोघं मोठी माणसंच जा, उजेडात. गमबूट घाला, हातात काठी ठेवा. साप कोरडी जागा शोधत माळ्यावर, गाद्यांच्या घडीत जाऊन बसतात. दिसला तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा.

वीज हा खरा धोका. मीटरचा खोका भिजला असेल तर हातच लावू नका. महावितरणचा माणूस किंवा वायरमन बघून गेल्याशिवाय एकही बटण दाबायचं नाही. फ्रिज आतून ओला असतो, वरून कळत नाही. घाईत आम्ही मोटर लावून बघितली आणि ती जळाली. तिथं कुणाचा हात असता तर? गॅसचा वास आला तर दारं उघडून बाहेर पडा.

धुण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट सगळ्याचे फोटो काढा, पंचनाम्याला लागतात. मग मात्र गाळ ओला असतानाच काढा. वाळला की दगड होतो, वहिनींची कंबर जाईल. पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका, लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाच्या आजाराची, भीती असते. नंतर ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात होतो हे आवर्जून सांगा. पाणी उकळूनच प्या. भिजलेलं धान्य टाकून द्या, जीव तुटला तरी.

जाताना मला हाक मारा, मी येतो सोबत.