अळंबीच्या खोलीतील हवा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या महिन्यात कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली बरीच पत्रे घरातील एखाद्या खोलीत धिंगरी (ऑयस्टर) अळंबी घेणाऱ्या वाचकांची आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात तक्रार बियाण्याची किंवा काडाची नसून खोलीतील हवेची आहे. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न (कसबा बावडा) : घरामागच्या परड्यात दहा बाय बारा फुटांची, वर पत्रा असलेली खोली आहे. गव्हाच्या काडाचे साठ बेड (काड आणि अळंबीचे बियाणे भरलेल्या पिशव्या) टांगले आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत उत्पादन उत्तम आले, परंतु एप्रिल लागल्यापासून पिनहेड (अळंबीचे कोवळे कोंब) फुटतात आणि हरभऱ्याएवढे होऊन पिवळे पडून वाळतात. भिंतींना गोणपाट लावून दिवसातून तीन वेळा भिजवते. आर्द्रतामापक ८५ टक्के दाखवतो, दुपारी तापमान मात्र ३४ अंशांवर जाते. आणखी किती पाणी मारावे?

उत्तर : आणखी पाणी मारू नये. आपल्या खोलीत पाणी कमी पडत नसून उष्णता जास्त होत आहे, आणि ही गोष्ट आर्द्रतेच्या आकड्याने झाकली गेली आहे. धिंगरीच्या प्रचलित जातींना काढणीच्या खोलीत साधारण २२ ते २८ अंश सेल्सिअस तापमान आणि ८० ते ९० टक्के आर्द्रता लागते. या दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात, एकीची कसर दुसरीने भरून निघत नाही.

आर्द्रतेचा टक्का म्हणजे हवेतील पाण्याचे वजन नव्हे. त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्याच्या किती हिस्सा वाफ हवेत आहे, एवढेच तो सांगतो. २० अंशांची हवा घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम वाफ धरते, तर ३० अंशांची हवा सुमारे ३० ग्रॅम. म्हणून पहाटे २० अंशांना ९० टक्के असलेली हवा, तिच्यातला थेंबभरही न घटता, दुपारी ३० अंशांना जेमतेम ५० टक्क्यांवर येते. पत्रा तापू लागला की सकाळी मारलेले पाणी आकड्यातून नाहीसे होते ते यामुळे. मग ती ओढ भरून काढायला हवा सापडेल तिथून पाणी शोषते, आणि नुकताच फुटलेला, साल नसलेला कोवळा पिनहेड त्यात सर्वांत आधी सापडतो.

आपला मापक ८५ दाखवत असताना पिनहेड वाळतात, तेव्हा मापक कुठे टांगला आहे हे आधी पाहावे. ओल्या गोणपाटाशेजारी लावलेला मापक गोणपाटाजवळची हवा मोजतो. तो खोलीच्या मध्यभागी, वरच्या ओळीतील बेडच्या उंचीवर टांगावा, कारण पत्र्याखालची हवा जमिनीजवळच्या हवेपेक्षा कितीतरी गरम असते. स्वस्त डिजिटल मापक पाच-दहा टक्क्यांनी चुकणे हेही नेहमीचेच, आणि त्याची पारख घरच्या मिठाने होते. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे. हे टोपण आणि मापक घट्ट झाकणाच्या डब्यात, एकमेकांना न लागतील असे, सावलीत आठ-दहा तास ठेवावेत. अशा डब्यातील आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापकाने ८३ दाखवले, तर तो आठ टक्के जास्त सांगतो असे समजून पुढील प्रत्येक नोंदीतून आठ वजा करावेत.

आता उष्णतेविषयी. सर्वांत मोठा दोष पत्र्याचा आहे, म्हणून पहिला खर्च तिथेच करावा. पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर किंवा नारळाच्या झावळ्या पसरून दोरीने बांधाव्यात. आपल्याकडे पाचट शेतात जाळून टाकले जाते, त्यापेक्षा त्याचा हा उपयोग कितीतरी चांगला. विजेच्या तारा मात्र त्यापासून दूर असाव्यात. आतून पत्र्याखाली फूटभर अंतर सोडून बांबूची तट्टी किंवा थर्मोकोलचे छत करावे आणि मधल्या पोकळीतील तापलेली हवा दोन्ही टोकांनी बाहेर जाऊ द्यावी. पाचट टाकल्यानंतरही दुपारचे आकडे खाली आले नाहीत, तरच पुढच्या खर्चाचा विचार करावा.

गोणपाट भिंतीवर लावण्यापेक्षा हवा आत येते त्या खिडकीवर पडद्यासारखे सोडावेत आणि समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला लहान एक्झॉस्ट पंखा बसवावा. भिंतीवरचे गोणपाट खोलीतीलच कोंडलेली हवा ओली करते. खिडकीवरच्या ओल्या पडद्यातून आत ओढलेली हवा मात्र थंड होऊन येते. या उपायाची मर्यादाही आपल्याला घरीच मोजता येते. साध्या थर्मामीटरच्या फुग्याला ओले सुती कापड गुंडाळून तो बाहेर सावलीत पंख्यासमोर धरावा. पारा उतरून जिथे थांबतो, त्याच्याखाली ओल्या पडद्याने कोणतीही खोली जाऊ शकत नाही. बाहेर ३६ अंश आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर हा तळ सुमारे २३ अंश येतो, आणि प्रत्यक्षात २७ पर्यंत पोहोचलात तरी ते यश समजावे. छताचा पंखा किंवा टेबल पंखा बेडवर रोखून लावला असेल, तर तो आजच काढावा. आपल्या वर्णनातील पिवळे पिनहेड मी प्रथम अशाच एका खोलीत पाहिले होते, आणि तेथे पंख्याच्या झोतातील ओळच तेवढी वाळली होती.

खोलीचे वेळापत्रकही बदलावे लागेल. कोल्हापुरात एप्रिलमध्येही रात्रीचे तापमान बहुधा २२-२३ अंशांपर्यंत उतरते. म्हणून रात्री नऊनंतर खिडक्या जाळीसह पूर्ण उघड्या ठेवाव्यात, पहाटे सहाला बंद कराव्यात आणि रात्रभरात गार झालेल्या भिंती व जमीन दुपारपर्यंत पुरवून वापराव्यात. जमिनीवर दोन-तीन इंच वाळूचा किंवा विटांच्या चुऱ्याचा थर देऊन तो ओला ठेवल्यास भिंतींवरील फवारणी निम्म्याने कमी होते. एवढे करूनही वरच्या ओळीत ३० अंशांखाली पारा येत नसेल, तर मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत धिंगरीचे नवे बेड भरू नयेत. या काळासाठी ३० ते ३५ अंशांत येणारी दूधी अळंबी घ्यावी. तिला बेडवर मातीचा थर द्यावा लागतो, दिवसही जास्त लागतात, परंतु आपल्या उन्हाळ्याशी झगडावे लागत नाही.

प्रश्न (गगनबावडा तालुका) : जुन्या कौलारू गोठ्यात भाताच्या पिंजराचे बेड केले आहेत. जुलैपासून आर्द्रता ९५ टक्क्यांच्या खाली येत नाही, भिंतींना घाम सुटतो. अळंबीचे देठ लांब आणि छत्री बारीक येते, शिवाय छत्रीवर तपकिरी डाग पडून ती चिकट होते. बाहेरची हवाही ओलीच असल्याने खिडक्या बंद ठेवल्या आहेत. हे बरोबर आहे का?

उत्तर : खिडक्या बंद ठेवणे हेच दोन्ही तक्रारींचे मूळ आहे. बेडमधील बुरशी आपल्यासारखीच श्वास घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. पांढरा धागा काडात पसरत असतो त्या उबवणीच्या पंधरा-वीस दिवसांत हा वायू कोंडला तरी बिघडत नाही, परंतु अळंबी फुटू लागल्यावर त्याचे प्रमाण वाढले की देठ ताज्या हवेच्या शोधात लांबत जातो आणि छत्री उघडायची राहते. लांब देठ आणि बारीक छत्री दिसली की मापकाकडे न पाहता खिडकी उघडावी. प्रकाश फार कमी असला तरी असेच रूप येते, म्हणून दिवसातून काही तास वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेडही असू द्यावा. थेट ऊन नको.

तपकिरी चिकट डाग जिवाणूंचे आहेत, आणि ते छत्रीवर पाणी साचून राहिल्याशिवाय सहसा पसरत नाहीत. या रोगाबाबत मला विशेष कळकळीने लिहावेसे वाटते, कारण मी स्वतः एका पावसाळ्यात सवयीने सकाळ-संध्याकाळ फवारणी चालू ठेवली होती आणि काढणीला आलेला माल तीन दिवसांत हातचा गेला. पावसाळ्यात फवारणीचा पंप कोपऱ्यात ठेवून द्यावा. छत्रीवरचे पाणी दोन-तीन तासांत सुकलेच पाहिजे, हा नियम पाळल्यास डाग आपोआप आटोक्यात येतात. डागाळलेली अळंबी देठासह काढून गोठ्यापासून लांब पुरावी.

बाहेरची हवा ओली असताना ती आत घेऊन काय साधणार, ही आपली शंका रास्त आहे. त्याचे उत्तर पुन्हा तापमानात आहे. बाहेरची २४ अंशांची, ९८ टक्क्यांची हवा आत येऊन २७ अंशांपर्यंत तापली, तर तिची आर्द्रता जवळपास ८२ टक्के होते. पावसाळ्यात म्हणूनच खोली बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंश उबदार ठेवणे हा हवा कोरडी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. बेड स्वतःही उष्णता देतात. त्यांच्या आतील तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी अधिक असते. दाटीने टांगलेल्या बेडमध्ये मात्र ही ऊब कोंडून हिरव्या बुरशीला आमंत्रण मिळते, तेव्हा दोन बेडमध्ये वीतभर अंतर ठेवावे. रात्री थंडी पडली तर एखादा साधा हीटर तासभर लावला तरी पुरतो. चुलीचा धूर किंवा शेगडी खोलीत नको, कारण त्यातून आपण घालवू पाहतो तोच वायू वाढतो. खिडक्यांना बारीक जाळी लावायला विसरू नये, पावसाळ्यात चिलटांसारख्या माश्या पिंजराच्या वासावर येतात आणि त्यांच्या अळ्या बेड पोखरतात.

पूर्वेकडच्या शिरोळ किंवा हातकणंगले तालुक्यातील मित्राचे वेळापत्रक आपण उतरवून घेऊ नये. जिल्हा एक असला, तरी घाटमाथ्याजवळचा पाऊस आणि पूर्वेकडचा पाऊस यांत फार अंतर आहे.

प्रश्न (राजारामपुरी) : फ्लॅटमधील एका खोलीला एसी आहे. थंडीत त्यात बटण अळंबी घेता येईल का?

उत्तर : घेऊ नये, असे माझे मत आहे. बटण अळंबीला फुटव्याच्या काळात १४ ते १८ अंश तापमान आठवडेच्या आठवडे सलग हवे असते. कोल्हापूरची डिसेंबरमधील पहाट तेवढी गार असते, परंतु दुपार ३० अंशांच्या आसपास जाते. ही दरी घरगुती एसीने भरून काढताना वीज तर लागतेच, शिवाय एसी हवा थंड करताना तिच्यातील पाणीही काढून घेतो. त्याच्या नळीतून बाहेर ठिबकणारे पाणी आपल्या खोलीतीलच असते. म्हणजे एका बाजूने आर्द्रता काढायची आणि दुसऱ्या बाजूने फॉगरने भरायची, असा दुहेरी खर्च होतो. त्यातच बटणासाठी कुजवलेले कंपोस्ट लागते, आणि त्याचा वास फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना सोसवणारा नाही. त्याच खोलीत नोव्हेंबर ते फेब्रुवारी एसी न लावता धिंगरी चांगली येईल.

प्रश्न (कळंबा) : काढणी करताना आईला खोकला येतो आणि नाक वाहते. आर्द्रता जास्त असल्यामुळे असे होते का?

उत्तर : नुसत्या आर्द्रतेमुळे सहसा होत नाही. धिंगरीची छत्री पूर्ण उघडून कडा वर वळू लागल्या की तिच्यातून पांढऱ्या पिठासारखे बीजाणू प्रचंड प्रमाणात हवेत सुटतात. बंद खोलीत ते श्वासावाटे जाऊन अनेकांना ॲलर्जी होते, आणि दुर्लक्ष केल्यास दमही लागू शकतो. आईंना तूर्तास खोलीत पाठवू नये आणि खोकला टिकला तर डॉक्टरांना दाखवून अळंबीच्या कामाचा उल्लेख आवर्जून करावा. काढणी कडा खाली वळलेल्या असतानाच करावी. तेव्हा बीजाणू कमी असतात आणि मालही जास्त टिकतो. आत जाण्यापूर्वी पंधरा मिनिटे एक्झॉस्ट चालू ठेवावा, जमिनीवर थोडे पाणी शिंपडून धूळ बसवावी आणि नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावावा. साधा रुमाल या बीजाणूंना अडवत नाही.