वाचक विचारतात : माल्टातील पदव्युत्तर शिक्षण

प्रश्न : माझी मुलगी बी.कॉम. झाली असून तिला परदेशात लेखा व वित्त या विषयात मास्टर्स करायचे आहे. एका एजंटने माल्टा सुचवले आहे. शिक्षण इंग्रजीत, देश युरोपीय संघातला, फी आवाक्यातली आणि राहण्या-जेवणाचा खर्च अर्धवेळ नोकरीतून सहज निघतो, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांनी दिलेल्या पत्रकात एका खासगी संस्थेचा नऊ महिन्यांचा ‘लेव्हल सेव्हन’ अभ्यासक्रम आहे. यावर कितपत विसंबावे? — एक पालक

उत्तर : एजंटच्या चार विधानांपैकी पहिली दोन निर्विवाद खरी आहेत. सिसिलीच्या दक्षिणेला असलेला, अवघ्या 316 चौरस किलोमीटरचा हा देश 1964 पर्यंत ब्रिटिश अमलाखाली होता. माल्टीबरोबर इंग्रजी ही तेथील राजभाषा आहे आणि विद्यापीठातील बहुतेक अध्यापन इंग्रजीतच होते. 2004 मध्ये तो युरोपीय संघात आला, 2007 च्या अखेरीस शेंगेन क्षेत्रात (आपापसांतील सीमांवर पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) दाखल झाला आणि 2008 पासून तेथे युरो चालतो. आपला खरा प्रश्न देशाचा नाही, अभ्यासक्रमाचा आहे.

माल्टात सरकारी खर्चाने चालणारी युनिव्हर्सिटी ऑफ माल्टा आहे. 1592 मध्ये जेझुइटांनी स्थापन केलेल्या कॉलेजापासून तिचा इतिहास सुरू होतो. आज तिचे मुख्य आवार म्सिडा येथे, माटेर देई या मोठ्या रुग्णालयाला लागून आहे. याशिवाय अनेक खासगी संस्था आहेत आणि त्यांना ‘माल्टा फर्दर अँड हायर एज्युकेशन अथॉरिटी’ या सरकारी प्राधिकरणाचा परवाना लागतो. संस्थेला परवाना आहे का आणि हा विशिष्ट अभ्यासक्रम मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे दोन्ही आपण स्वतः पडताळावे. त्यासाठी एजंटचा शब्द पुरेसा नाही.

आता ‘लेव्हल सेव्हन’विषयी. माल्टाच्या पात्रता-चौकटीत आठ पातळ्या आहेत. पदवी सहाव्या पातळीवर येते आणि मास्टर्स सातव्या. परंतु सातव्या पातळीवर एकटे मास्टर्स नसते. 30 क्रेडिटचे पदव्युत्तर सर्टिफिकेट आणि 60 क्रेडिटचा पदव्युत्तर डिप्लोमा हेही त्याच पातळीचे असतात, तर मास्टर्सला साधारणपणे 90 क्रेडिट लागतात. पातळीवरून अभ्यासाची काठिण्यपातळी कळते, क्रेडिटवरून त्याचे आकारमान. माल्टात एक क्रेडिट म्हणजे वर्ग, स्वाध्याय, परीक्षा सारे धरून 25 तासांचे काम, म्हणजे 90 क्रेडिटसाठी 2250 तास होतात. हे काम नऊ महिन्यांत बसवायचे तर एकही सुट्टी न घेता आठवड्याला सुमारे 58 तास अभ्यास करावा लागेल. याउलट 60 क्रेडिटचे 1500 तास त्या मुदतीत बरोबर बसतात. तेव्हा पत्रकातील अभ्यासक्रम बहुधा डिप्लोमा असावा; शेवटी हाती पडणाऱ्या प्रमाणपत्रावर नेमके काय छापलेले असेल आणि क्रेडिट किती, हे संस्थेकडून लेखी मागवावे. भारतात परतल्यावर पुढील शिक्षणासाठी वा सरकारी नोकरीसाठी समकक्षता मागण्याची वेळ आली, तर हाच कागद निर्णायक ठरतो.

अर्धवेळ नोकरीचा हिशेब मात्र मला मुळीच पटत नाही. युरोपीय संघाबाहेरून आलेल्या विद्यार्थ्याला पहिले 90 दिवस काम करता येत नाही, त्यानंतरही वेगळा परवाना काढावा लागतो आणि मर्यादा आठवड्याला 20 तासांची आहे. म्हणजे भाडे, अनामत आणि घर लावण्याचा खर्च ज्या महिन्यांत अंगावर येतो, नेमक्या त्याच महिन्यांत मिळकत शून्य असते. पूर्ण मुदतीचा खर्च हाताशी असेल तरच मुलीला पाठवावे आणि नोकरीतून मिळेल ते वरखर्चाला समजावे.

विषयाची निवड मात्र चांगली आहे. वित्तीय सेवा आणि ऑनलाइन गेमिंग या तेथील दोन मोठ्या उद्योगांचा कारभार इंग्रजीत चालतो. जून 2021 ते जून 2022 हे वर्षभर माल्टा ‘एफएटीएफ’ या काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या करड्या यादीत, म्हणजे वाढीव देखरेखीखालील देशांच्या यादीत होता, त्यामुळे काळ्या पैशाला आळा घालणाऱ्या नियमपालनाच्या कामाकडे तेथे गांभीर्याने पाहिले जाते. मुलीने शुद्ध लेखाशास्त्राऐवजी या बाजूचा विचार केला तरी हरकत नाही. ऑडिटर म्हणून सही करण्यासाठी तेथे स्वतंत्र सनद लागते. ती केवळ मास्टर्सने मिळत नाही. कायदा किंवा नर्सिंग घेणाऱ्यांना मी अधिक सावध करीन, कारण न्यायालयाचे कामकाज आणि वॉर्डातल्या वृद्ध रुग्णांचे बोलणे माल्टीत चालते आणि ती अरबी कुळातली भाषा वर्षभरात जिभेवर बसत नाही.

प्रश्न : मला म्सिडा येथे ऑक्टोबरपासून प्रवेश मिळाला आहे. घर आधी ठरवावे की तेथे गेल्यावर? — एक विद्यार्थी

उत्तर : पहिल्या एक-दोन आठवड्यांची तात्पुरती सोय इथून करावी आणि करार घर पाहूनच करावा. विद्यापीठाला जवळ म्हणून म्सिडा आणि ग्झिरा सोयीचे आहेत. स्लिमा आणि सेंट ज्युलियन्स पर्यटकांमुळे महाग पडतात. 2020 पासून भाडेकरार गृहनिर्माण प्राधिकरणाकडे नोंदवणे मालकावर बंधनकारक आहे. ‘नोंदणी नको, भाडे कमी करतो’ म्हणणाऱ्याकडे राहू नये, कारण निवास परवान्यासाठी पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. घर पाहताना कपाटांमागची भिंत आणि खिडकीचा कोपरा हात लावून पाहावा. चुनखडीची ती घरे उन्हाळ्यात बरी वाटतात, पण हिवाळ्यात ओल धरतात आणि बहुतेकांत उष्णतेची व्यवस्था नसते. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे आहेत, तेव्हा दोन अ‍ॅडॉप्टर इथूनच न्यावेत.