साथ सुरू असताना हिपॅटायटिस बीची गोळी चालू ठेवायची का?

कोविडच्या पहिल्या लाटेत, २०२० मध्ये, जुनाट हिपॅटायटिस बी (यकृताचा विषाणूसंसर्ग) असलेल्या एका गृहस्थांचा फोन आला. या विषाणूवरचं औषध टेनोफोविर, ३०० मिलिग्रॅम, रोज एक गोळी. तीन वर्षं नियमित चालू. आता मात्र ते एक दिवसाआड घेत होते. कारणं दोन. एक, पट्टी संपली तर दवाखान्यात जावं लागेल, ही धास्ती. दुसरं, "या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते ना? मग पूर्णच बंद करतो."

हा समज अनेकांचा असतो, म्हणून आधी तोच दूर केला. टेनोफोविर प्रतिकारशक्ती दाबत नाही. ते फक्त विषाणूची नवी प्रत तयार होऊ देत नाही. विषाणूचं मूळ यकृताच्या पेशींत राहतंच. म्हणून गोळी सुटली की काही आठवड्यांत ते पुन्हा डोकं वर काढू शकतं. एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) एकदम वाढतं, कावीळ होते, आणि सिरोसिस (यकृतावर व्रण पडून ते कठीण होणं) असेल तर यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाते. एक दिवसाआड घेतल्यानेही औषधाचा दाब ढिला पडतो.

त्यांना बसलेला मुद्दा मात्र वेगळा होता. कोविड गंभीर झाला तर डेक्सामेथासोन देतात, कधी टोसिलिझुमॅबही. ही औषधं प्रतिकारशक्ती खरोखर दाबतात आणि सुप्त हिपॅटायटिस बी जागा करू शकतात. म्हणजे ज्या साथीच्या भीतीने गोळी सोडायची, त्याच साथीच्या उपचारात तिची गरज जास्त! हे ऐकल्यावर ते म्हणाले, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." दाखल व्हायची वेळ आली तर हिपॅटायटिस बी आहे हे पहिल्याच डॉक्टरांना सांगायचं, गोळ्यांची पट्टी सोबत न्यायची.

मग कामाचं बोललो. डॉक्टरांशी फोनवर बोलून तीन महिन्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी मागायची. गोळ्या आणायला घरातलं दुसरं कुणी गेलं तरी चालतं. मधे किती गोळ्या चुकल्या, हे न लपवता सांगायचं, म्हणजे एएलटी आणि डीएनए (रक्तातला विषाणू मोजणारी) तपासणी कधी करायची ते त्यांना ठरवता येतं. चुकलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घ्यायच्या नाहीत. (एंटेकॅविर ही हिपॅटायटिस बीवरचीच दुसरी गोळी घेणाऱ्यांनी ती रिकाम्या पोटी घ्यावी: जेवणानंतर दोन तासांनी, पुढच्या जेवणाआधी दोन तास. घरी बसल्यावर जेवणाच्या वेळा बदलतात, तिथेच हे चुकतं.)

तपासण्यांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: प्रकृती स्थिर असेल तर नेहमीची रक्ततपासणी डॉक्टरांना विचारून थोडी पुढे गेली तरी चालते, गोळी नाही. सिरोसिस असलेल्यांची सहा महिन्यांनी होणारी सोनोग्राफी मात्र अनिश्चित काळ लांबवू नये. यकृताचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही, तो तिथेच सापडतो.

तापासाठी पॅरासिटामॉल चालतं. सिरोसिस असेल तर साधारणपणे दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, डॉक्टरांना विचारून. दारू अजिबात नको.

डोळे पिवळे, लघवी गडद, पोट फुगलेलं, शौचाला काळी होणं, रक्ताची उलटी, बोलण्यात गोंधळ, दिवसा झोप आणि रात्री जाग, यांपैकी काहीही दिसलं तर साथ असो वा नसो, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. ही यादी त्यांच्या पत्नीने लिहून घेतली. गोंधळलेल्या माणसाला स्वतःचा गोंधळ कळत नाही, त्यामुळे ती घरच्यांकडे असणंच बरं.