लंडन ते पॅरिस : हवेत पाऊण तास, प्रवासात अर्धा दिवस

प्रश्न : लंडन-पॅरिस अंतर कुठे ३४४ किलोमीटर दिसतं, तर कुठे साडेचारशेच्या वर. खरं कोणतं?

दोन्ही खरी आहेत. ३४४ हे सरळ रेषेतलं अंतर. लंडनचा हीथ्रो ते पॅरिसचा शार्ल द गॉल विमानतळ हा विमानाचा टप्पाही साधारण तेवढाच, साडेतीनशेच्या आसपास. मोटारीने जाताना मात्र इंग्लिश खाडी गाठायला फोकस्टन किंवा डोव्हरकडे वळावं लागतं, म्हणून रस्ता लांबतो.

प्रश्न : ताशी ८०० किलोमीटर वेगाने विमान अर्ध्या तासात पोचायला हवं. तिकिटावर सव्वा तास का?

तो वेग विमान उंचावर स्थिरावल्यानंतरचा. इथे ते वर पोचतं न पोचतं तोच उतरायची तयारी सुरू होते, त्यामुळे हवेत पाऊण तास ते पन्नास मिनिटं जातात. शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे थांबेपर्यंतची असते. हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, त्यामुळे उड्डाणासाठी रांग ठरलेली. याच मार्गावर २५ ऑगस्ट १९१९ला रोजची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा लंडनजवळच्या हाउन्स्लो हीथहून पॅरिसजवळच्या ल बूर्जेला पोचायला सुमारे अडीच तास लागत.

प्रश्न : जाताना १० वाजता निघून १२.२०ला पोचतो, येताना १०ला निघून १०.२०ला! वेळ चुकीची छापली आहे का?

नाही. दोन्ही वेळा स्थानिक आहेत आणि पॅरिसचं घड्याळ तासभर पुढे आहे. सूर्याच्या हिशेबाने एवढा फरक नाही. १९४०पर्यंत पॅरिसमध्ये लंडनचीच वेळ पाळत. जर्मन सैन्याने शहर ताब्यात घेतल्यावर बर्लिनची वेळ लागू झाली आणि युद्धानंतरही तीच राहिली.

प्रश्न : आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. लंडनहून पॅरिसला त्यांना विमानाने न्यावं की रेल्वेने?

रेल्वेनेच न्या, असं मी आग्रहाने सांगेन. विमानाचा सव्वा तास फसवा आहे. शहरातून विमानतळ गाठा, दोन तास आधी हजर राहा, उतरल्यावर पासपोर्टची रांग, मग सामानाचा पट्टा, आणि शार्ल द गॉलहून पॅरिसच्या मध्यापर्यंत आणखी २५ किलोमीटर. सहा तास सहज मोडतात. स्वस्त तिकीट ल्यूटनहून असेल तर तो विमानतळ मध्य लंडनपासून ५० किलोमीटरवर आहे, हेही धरा.

युरोस्टार ही रेल्वे लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाहून सुटते आणि सव्वादोन-अडीच तासांत पॅरिसच्या गार द्यू नॉर स्थानकाला, म्हणजे थेट शहरातच पोचवते. १९९४मध्ये खुल्या झालेल्या ५० किलोमीटरच्या बोगद्यातून ती खाडी पार करते. ब्रिटन आणि फ्रान्स, दोघांचीही पासपोर्ट तपासणी लंडनलाच होते, पलीकडे नुसतं चालत बाहेर पडायचं. त्यासाठी तास-दीड तास आधी पोचा, दारं गाडी सुटण्याआधीच बंद होतात. बॅगांचं वजन करत नाहीत, पण डब्यात त्या तुम्हालाच चढवाव्या लागतील, तेव्हा आई-बाबांच्या बॅगा हलक्या ठेवा.

मुंबईहून हीथ्रोला उतरून लगेच पॅरिस गाठायचं असेल आणि तिकीट एकच असेल, तर मात्र विमान बरं.

प्रश्न : शेंगेन व्हिसावर लंडन करता येईल का?

नाही. शेंगेन हा फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा, ब्रिटन त्यात नाही; ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. पॅरिस, मग लंडन, मग पुन्हा पॅरिस असा बेत असेल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, ते तिकीट काढण्याआधी पाहा. एकाच प्रवेशाचा असेल तर लंडनहूनच मुंबईला परतायचं तिकीट घ्या.