भाडेकरू गेला, मैदान उरले

प्रश्न : इंग्लंडमधील लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे अ‍ॅनफील्ड हे मैदान पूर्वी त्याच शहरातील प्रतिस्पर्धी एव्हर्टन क्लबचे होते, असे ऐकण्यात आले. हे खरे आहे काय? तसेच तेथील एका स्टँडला ‘कॉप’ असे चमत्कारिक नाव कशावरून पडले?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण ऐकले ते बव्हंशी खरे आहे. मात्र अ‍ॅनफील्ड एव्हर्टनच्या मालकीचे कधीच नव्हते. ते भाड्याचे होते, आणि पुढचे सारे रामायण त्या भाड्यावरूनच घडले. १८७८ मध्ये सेंट डोमिंगो चर्चच्या मंडळींनी सुरू केलेला संघ पुढच्याच वर्षी एव्हर्टन हे नाव घेऊन खेळू लागला आणि १८८४ मध्ये अ‍ॅनफील्डवर आला. ही जागा मिळवून देणारे जॉन हौल्डिंग हे बिअरचे कारखानदार, शहराच्या राजकारणातले वजनदार पुढारी आणि क्लबचे अध्यक्ष होते. पुढे जमीन त्यांनी स्वतःच विकत घेतली आणि क्लबचा अध्यक्षच क्लबचा जागामालक झाला. मेख होती ती येथे.

१८८८ मध्ये सुरू झालेल्या फुटबॉल लीगच्या पहिल्या बारा संघांत एव्हर्टन होता, आणि १८९०-९१ चे विजेतेपदही त्याने अ‍ॅनफील्डवर खेळतानाच मिळवले. यश आले, प्रेक्षक वाढले, तसे भाडेही १०० पौंडांवरून २५० पौंडांपर्यंत चढले. भरीस भर म्हणजे मैदानावर पेये विकण्याचा हक्क हौल्डिंग यांनी स्वतःकडे ठेवला होता आणि खेळाडूंना कपडे बदलण्यासाठीसुद्धा त्यांच्याच सँडन हॉटेलात जावे लागे. अखेर सेंट डोमिंगो चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे जॉर्ज मॅहन यांच्या पुढाकाराने बहुसंख्य सभासदांनी १८९२ मध्ये अ‍ॅनफील्ड सोडले आणि स्टॅनले पार्कच्या पलीकडे, मैलभराच्याही आत, गुडिसन पार्क हे नवे मैदान उभारले. हौल्डिंग यांनी ‘एव्हर्टन’ हे नाव आपल्याकडे राखण्याची खटपट केली. परंतु फुटबॉल असोसिएशनने ती मान्य केली नाही. थोडक्यात, भाडेकरू गेला तो घराच्या पाटीसकट.

हाती मैदान आहे आणि खेळायला संघ नाही, अशा अवस्थेत हौल्डिंग यांनी त्याच वर्षी लिव्हरपूल फुटबॉल क्लब स्थापन केला. एरवी आधी संघ जमतो आणि मग तो मैदान शोधतो. येथे सारे उलटे झाले. जॉन मॅकेना यांनी जमवलेला पहिला संघ बहुतांशी स्कॉटिश खेळाडूंचा होता. गंमत म्हणजे आज लाल रंगाने ओळखला जाणारा हा क्लब सुरुवातीची चार वर्षे निळा-पांढरा पोशाख घालून खेळत असे. लँकशायर लीग जिंकून १८९३ मध्ये त्याला फुटबॉल लीगच्या दुसऱ्या विभागात प्रवेश मिळाला आणि १९०१ मध्ये तो पहिल्यांदा इंग्लंडचा विजेता ठरला.

‘कॉप’ची कथा १९०६ सालची आहे. दुसऱ्या विजेतेपदानंतर मैदानाच्या एका टोकाला उभ्याने सामना पाहणाऱ्यांसाठी मोठा उतार रचण्यात आला. बोअर युद्धात, जानेवारी १९०० मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात स्पायॉन कॉप या टेकडीवर झालेल्या लढाईत लँकशायरच्या पलटणींतील शेकडो सैनिक कामी आले होते. त्यांची आठवण म्हणून स्थानिक पत्रकार अर्नेस्ट एडवर्ड्स यांनी हे नाव सुचवले. (याच लढाईतील जखमींना वाहून नेणाऱ्या भारतीय पथकात गांधीजी होते, हे आपल्याकडे फुटबॉलच्या चाहत्यांना सहसा ठाऊक नसते.) इंग्लंडमधील इतरही काही मैदानांवर हे नाव आढळते, पण नुसते ‘कॉप’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अ‍ॅनफील्डच येते. १९२८ मध्ये या उतारावर छप्पर चढले आणि त्याखाली पंचवीस हजारांहून अधिक माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहू लागली. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे ९७ समर्थक दगावले. त्यानंतरच्या चौकशीतून मोठ्या मैदानांवर सर्वांना आसने देण्याचे बंधन आले आणि जुना कॉप पाडावा लागला. तेथे उभे राहून पाहिलेला शेवटचा सामना ३० एप्रिल १९९४ रोजी नॉर्विच सिटीविरुद्ध झाला. लिव्हरपूल तो ०-१ असा हरला.