एफडी मोडून सगळं देणं एकदम फेडू का?

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. नवरा खासगी नोकरीत, हातात येतात ४२ हजार. ताई शिवणकामातून नऊएक हजार मिळवतात. नवऱ्याला आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) पत्त्यांवर लागलेला जुगाराचा नाद आधी मोबाइलवरच्या रमीत गेला, तिथून क्रिकेटच्या सट्ट्यात. आज देणं ६ लाख ९५ हजार: पर्सनल लोन ३ लाख १० हजार, क्रेडिट कार्ड १ लाख ४५ हजार, भाऊबंदांची उसनवारी १ लाख ६० हजार आणि सावकाराचे ८० हजार. ताईंच्या नावावर दोन-दोन लाखांच्या दोन एफडी आणि अंगावरचं सहा तोळे सोनं. ‘त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय. एफडी मोडते, सोनं गहाण टाकते, एकदाचं मोकळं होते. आते मी काय करू?’

ताई, एकदम मोकळं करू नका.

तुम्ही पाठवलेलं स्टेटमेंट मी वाचलं. एका रात्रीत, ११.४० ते १.२० च्या दरम्यान: ५००, ५००, १,०००, २,०००, ५,०००, १०,०००. हरल्यावर आकडा वाढत गेलाय. गेलेलं परत काढायची ही धडपड डॉक्टर जुगाराच्या व्यसनाची, म्हणजे एका आजाराचीच, खूण मानतात. दुसरी खूण म्हणजे अडचणीतून सुटायला घरच्यांच्या पैशांवर विसंबणं. दाजींची शपथ खोटी आहे असं मी म्हणत नाही. घेताना ती मनापासूनच असते. पण कार्ड भरलं की तीच दीड लाखाची लिमिट त्यांच्या हातात पुन्हा येते, आणि तीही रात्री साडेअकराला.

म्हणून पैशाआधी उपचार. मी डॉक्टर नाही, पण एवढं सांगतो की या आजारावर सर्वांत जास्त पुरावा विचार-वर्तन उपचाराचा आहे. ‘आता तरी नंबर लागेलच’ हा हिशोब कुठे चुकतो, पगाराच्या रात्री हात फोनकडे का जातो, यावर समुपदेशक आठवड्यामागून आठवडा काम करतो. खास यासाठी मंजूर झालेली गोळी नाही; सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्यावर औषध मिळतं. धुळे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. सुरुवात फोनवर करायची तर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मोफत. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले, पण त्यात शिक्षा चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. तेव्हा डॉक्टरांपुढे लपवायचं कारण नाही.

आता आकडे. सावकार महिना ५ टक्के घेतो, म्हणजे ४ हजार नुसतं व्याज. कार्डाचं व्याज साडेतीन टक्क्यांनी पाच हजारांवर जातं. हे दोन खड्डे आधी बुजवा. एक एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा थोडा दंड बसेल, बसू द्या. उरलेले २५ हजार पगारातून दोन महिन्यांत. पैसे दाजींच्या हातात न देता तुम्ही स्वतः भरा, आणि कार्ड भरल्यावर त्याच दिवशी बंद करायचा अर्ज द्या. सावकाराकडे परवाना आहे का ते विचारा. नसेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

पर्सनल लोनचा १०,६०० चा हप्ता पगारातून चालू ठेवा. भाऊबंदांना खरं काय ते सांगा (जड जाईल, ठाऊक आहे) आणि दरमहा पाच हजार द्या. ३२ महिन्यांत फिटतील. सोन्याला हात लावू नका. जळगावच्या सराफ बाजारात सोन्यावर पैसे मिळायला वेळ लागत नाही, हीच तर भीती आहे. दुसरी एफडी पोरीची.

पगाराचं खातं जॉइंट करा, यूपीआयची रोजची मर्यादा हजारावर आणा, दाजींना खर्चाला रोख द्या. हे त्यांच्या संमतीनेच. चोरून केलं तर ते दुसरं सिमकार्ड घेतील.

आणि एक गोष्ट पैशांची नाही. जुगाराच्या कर्जात जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात. दाजींना सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. घरात कपाशीवर फवारायचं औषध असेल तर आजच ते शेजारच्या घरी कुलपात ठेवून या.

तीन महिन्यांनी स्टेटमेंट पुन्हा पाठवा. रात्री अकरानंतरच्या ओळी मी आधी बघेन.