दोन्ही पॅनेल ‘परिवर्तन’ म्हणतायत, तर मत कुणाला?

तुमच्या गावात दोन पॅनेल उभी आहेत, दोघंही परिवर्तनाची भाषा करतायत, यातला प्रामाणिक माणूस ओळखायचा कसा आणि सुधारणेचा प्रयत्न दरवेळी फसतो का, असं तुम्ही विचारलंय. मी सरपंच होते. अविश्वास ठराव आणून मला खाली उतरवलं, आणि तेही माझ्याच पॅनेलनं. त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, लोकवस्ती 2,300, सदस्य नऊ. 2012 ला सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. तेव्हा सरपंच सदस्यांतून निवडला जायचा. माझे धाकटे दीर पॅनेलप्रमुख. ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही दहावी झालेल्या, चार माणसांत बोलता, तुम्हीच उभ्या राहा.” आमचे सहा आले, समोरचे तीन. गुलाल उडाला. आता गाव बदलणार असं मी अगदी मनापासून धरून चालले होते.

पहिली तीन वर्षं कशीबशी गेली, कारण पैसाच थोडा होता. घरपट्टी, पाणीपट्टी आणि वरून येईल ते. 2015 पासून 14 व्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात यायला लागला. ही सुधारणाच होती, मी आजही तिच्या बाजूची आहे. पण पैसा वाढला तसे तो बघणारे डोळे वाढले नाहीत. ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातले कमी ते हजर लागतात. आमच्याकडे चाळीसच्या वर माणूस जमायचा नाही. सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग आठ-दहा डोक्यांत सगळे विषय मंजूर. मला निवडून देताना रात्री एकपर्यंत जागणारी पोरं नंतरच्या एकाही ग्रामसभेला आली नाहीत. याचा राग मला अजून आहे.

वरच्या वस्तीत बंदिस्त गटाराचं काम निघालं. अंदाजपत्रकात 140 मीटर, मोजमाप पुस्तकातही 140 मीटर लिहून आलं. बिल 2 लाख 80 हजार. ग्रामसेवकांनी चेक लिहून पुढं ठेवला. माझे वडील गवंडी होते. लहानपणी त्यांच्याबरोबर कामावर जाऊन मी टेपचं दुसरं टोक धरलंय. मी म्हटलं, उद्या सही करते. दुसऱ्या दिवशी दुपारी वस्तीतल्या दोघी बायका घेऊन मी टेप लावला. 96 मीटर भरलं. पुन्हा लावला, तेवढंच. चेंबरच्या गिलाव्याला नख लावलं तर वाळू सुटून हातात आली. चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या लागायच्या. मी केली नाही.

त्यानंतर दोन महिने आमच्या घरात जेवायला सगळे एकत्र बसायचे, पण बोलायचं कुणी नाही. शेवटी एका रात्री भावजींनीच तोंड उघडलं. “वहिनी, इलेक्शनला जेवणावळी कुणी घातल्या? गाड्या कुणाच्या होत्या? त्या माणसानं पैसा घातलाय. आता तो कुठून काढायचा त्यानं?”

तो माणूस म्हणजे गटाराचा ठेकेदार. कागदोपत्री ठेका दुसऱ्याच्या नावावर होता.

आमच्यासारख्या गावातही उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती. मी तहसीलला दिलेला हिशेब त्याच्या आतला होता आणि माझ्या हातून खर्चही तेवढाच झाला होता. पण पॅनेलनं केलेला खर्च आला कुठून, हे मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. मटणाच्या पातेल्याला पैसे लागतात हे मला कळत नव्हतं असं थोडंच आहे. काय उत्तर मिळेल याची धास्ती होती, म्हणून विचारलं नाही. आमचं परिवर्तन मतदानाच्या आधीच गहाण पडलं होतं.

2016 ला ठराव आला. राखीव पदावरच्या महिला सरपंचाला काढायला तेव्हा तीन चतुर्थांश मतं लागायची, म्हणजे नऊपैकी सात. समोरचे तीन आणि आमचे चार. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, त्यामुळे पक्षांतरबंदीची भीती कुणालाच नाही. तहसीलदारांसमोर सात हात वर झाले. माझ्या बाजूनं मी आणि वरच्या वस्तीतली एक सदस्य. ती त्याच ठेकेदाराच्या रानात मजुरीला जायची, तरी तिनं हात वर केला नाही. राहिलेलं गटार तिच्याच दारावरून जायचं होतं. पुढच्या महिन्यात बिल निघालं.

तर आता तुमचा प्रश्न. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचा. सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये आमदारकी-खासदारकीच्या उमेदवारांसाठी गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाहीर करणं बंधनकारक केलं, ते फार मोठं काम झालं. पण त्या कागदावरून माणसाकडं काय आहे ते कळतं. तो कुणाचा मिंधा आहे ते त्यात कुठंच लिहिलेलं नसतं. मला विचाराल तर पहिला प्रश्न हाच विचारा की तुमच्या निवडणुकीचा खर्च कोण करतंय. चार लोकांत, चावडीवर, तोंडावर विचारा. उत्तर देताना तो कुणाकडं बघतो तेही बघा. वरच्या पातळीवर वेगळं काही नाही. निवडणूक रोखे न्यायालयानं फेब्रुवारी 2024 मध्ये रद्द केले ते याच मुद्द्यावर, कारण पक्षाला पैसा कोण देतंय हे मतदारापासून झाकलेलं होतं. आणि 2021 च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगानं नाशिकमधल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळी इथली ग्रामपंचायत निवडणूक रद्द केली, कारण तिथं पदांचा चक्क लिलाव झाला होता. जो बोली लावून खुर्चीवर बसतो तो ती रक्कम वसूल करणार, मग बोली देवळाच्या नावानं का लागलेली असेना.

दुसरं, त्यानं आधी कुणाचा पैसा सांभाळलाय ते शोधा. यात्रेची वर्गणी, पाणी योजनेची समिती, बचत गट. आमच्या गावात एका बचत गटाचं पुस्तक चौदा वर्षं एकच बाई लिहिते, रुपयाचा फरक नाही. तिला कुठल्याही पॅनेलनं कधी विचारलं नाही. भाषणं करणारा पाहिजे असतो ना सगळ्यांना.

“खातो पण काम करतो” असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. भावजी अजून म्हणतात, वहिनींनी दहा टक्के सोडले असते तर गटार पूर्ण झालं असतं. 140 मध्ये 44 मीटर गेले, भावजी. हा जवळजवळ तिसरा हिस्सा आहे. तो मी सोडला असता तर पुढच्या कामात अर्धं गेलं असतं. गावाचं वाटोळं मी सही केली नाही म्हणून झालेलं नाही.

थोडं सांगायचं राहिलं. खर्च दुसऱ्यानं केला म्हणजे उमेदवार चोरच असं मी म्हणत नाही. गरीब माणसानं उभं राहायचं तर लोकांनीच वर्गणी काढायला पाहिजे. पन्नास जणांनी पाचशे-पाचशे घातले आणि नावं फळ्यावर लिहिली तर माझं काही म्हणणं नाही. कायदाही आता बदललाय. सरपंच 2017 पासून थेट जनतेतून, 2020 ला ते रद्द झालं, 2022 ला पुन्हा आलं. थेट निवडून आलेल्याला काढणं अवघड आहे, ते माझ्या वेळी असतं तर मी वाचले असते. पण मग चुकीचा माणूस निवडला तर तोही तितकाच घट्ट बसतो, म्हणून आधीच बघून घ्या. आणि निवडून दिल्यावर ग्रामसभेला जा. ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर तुमच्या पंचायतीचा खर्च मोबाइलवर दिसतो, तो उघडून एखादं काम प्रत्यक्ष मोजून या. प्रामाणिक माणसाला एकटं सोडलं की त्याच्याबाजूनं दोनच हात उरतात.

यंदा आमच्याकडं पुन्हा पॅनेल बांधणं चाललंय. भावजींनी परवा विचारलं, वहिनी, या वेळी उभ्या राहता का. मी म्हटलं, खर्चाची वही आधी माझ्यापुढं ठेवा, पहिल्या नावापासून. बघू म्हणालेत.